वय विचारा, आधार कशाला मागता?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर उघडून बघा. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून अशी रांगच लागलेली दिसेल. जन्माची नोंद घरात कुणाकडे नसायची. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की गुरुजी सहा वर्षं मागे मोजायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गेली, तिथून आधारवर. काहींच्या आधारवर तर तारीखच नाही, नुसतं जन्मवर्ष आहे. या कागदांच्या जिवावर आता आपल्याच खिशातल्या फोनवर ॲप आणि साइट्सपुढे आपलं वय सिद्ध करायची वेळ येतेय. माझा याला ठाम विरोध आहे.

बाहेर हे सुरू झालंय. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५पासून प्रौढांच्या साइट्सना वयाची खात्री करणं सक्तीचं झालं आणि त्याच आठवड्यात तिथे व्हीपीएन ॲप्सच्या, म्हणजे फोन दुसऱ्याच देशात आहे असं भासवून तपासणी चुकवणाऱ्या ॲप्सच्या, डाउनलोडला उधाण आलं. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाचं खातं ठेवता येत नाही. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि मुलांबद्दलच्या तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७च्या मे महिन्यात लागू होतात. कलम ९ सांगतं की १८ वर्षांखालच्या कुणाचाही डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येणारी संमती हवी. चुकलं तर दंड २०० कोटींपर्यंत.

ऐकायला चांगलं आहे. मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला त्याच कलमात बंदी आहे, आणि ती हवीच. पण समोरचा लहान आहे हे कंपनीला कळणार कसं? प्रत्येकाला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणजे कायदा पोरांसाठी आणि रांगेत उभे आपण सगळे. २०० कोटींची टांगती तलवार असताना कुठलीही कंपनी सावधगिरी म्हणून गरजेपेक्षा जास्तच कागद मागणार.

आता ही तपासणी प्रत्यक्षात कशी फसते ते बघू.

पहिला प्रकार सेल्फीचा. स्क्रीनवर गोल चौकट येते, चेहरा त्यात बसवा, मान डावीकडे, मान उजवीकडे, डोळे मिचकवा. स्वस्त फोनचा पुढचा कॅमेरा, पाठीमागे ट्यूबलाइट, डोक्यावर पदर, की 'पुन्हा प्रयत्न करा'. उजेड तोंडावर पडेल असं खिडकीकडे तोंड करून बसलं आणि चष्मा काढला की बऱ्याचदा जमतं. पण जमलं तरी उत्तर अंदाजाचंच. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०२४मध्ये वय ओळखणारी सॉफ्टवेअर्स व्हिसाच्या फोटोंवर तपासली. तिथे सर्वांत चांगल्या सॉफ्टवेअरचीही सरासरी चूक ३.१ वर्षांची दिसली, आणि बायकांच्या चेहऱ्यांवर चुका जास्त. व्हिसाचा फोटो म्हणजे सरळ चेहरा, साधी पार्श्वभूमी, नीट उजेड. रात्री अकराला अंथरुणात काढलेली सेल्फी नव्हे. एवढी चूक धरून चालायचं म्हणून १८ची खात्री करताना सॉफ्टवेअरला चेहरा बऱ्याचदा २५च्या आसपास दिसावा लागतो. त्याखाली दिसला की 'ओळखपत्र दाखवा'. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी या पट्ट्यात येतो.

दुसरा प्रकार ओळखपत्राचा, आणि खरा घोळ इथे आहे. आपलं नाव तीन भागांचं. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या बाईचं आधार सासरच्या नावाने, दाखला माहेरच्या नावाने. माणसाला एका नजरेत कळतं की ही एकच व्यक्ती आहे. मशिनला नाही कळत. त्यात ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि ते सिम रिचार्ज नाही म्हणून कधीच बंद पडलेलं असतं. जन्मतारीख दुरुस्त करायला केंद्रावर ७५ रुपये लागतात. पैशाचं सोडा, पण ती एकदाच बदलून मिळते. दुसऱ्यांदा चूक झाली की झगडत बसा. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४मध्ये सांगितलंय. मग तोच कागद वयासाठी कोणत्या तोंडाने मागायचा?

आणि फोन एकाचा असतो हे गृहीत कुणी धरलं? कागल-गडहिंग्लजकडच्या घरात एकच चांगला फोन असतो. सकाळी दूध संस्थेचा हिशोब, दुपारी सुनेचं यूट्यूब, संध्याकाळी नातवाचा अभ्यास. सकाळी आजोबांनी वय सिद्ध केलं की रात्री नातवाच्या हातात तोच फोन प्रौढाचा. तपासणी झाली, उपयोग शून्य.

गोळा केलेले कागद पुढे कुठे जातात, ते सर्वांत महत्त्वाचं. ऑक्टोबर २०२५मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने जाहीर केलं की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. ही माणसं वयाचा वाद मिटवायला कागद देऊन बसली होती. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा आणि जन्मतारीख कुठून बदलून आणणार?

मुलांना मोकाट सोडा असं मी म्हणत नाही. वय आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच म्हणणं आहे. ॲपला फक्त '१८ पूर्ण, हो की नाही' एवढं कळलं की पुरे. नाव, पत्ता, फोटो, नंबर काही लागत नाही. आपल्या डेटा संरक्षण नियमांत डिजिलॉकरसारख्या, सरकारी कागद फोनवर ठेवणाऱ्या सेवेकडून टोकन, म्हणजे कागदाऐवजी चालणारी डिजिटल खूण, देण्याची सोय आहे. तीच पहिली वाट ठेवा, कागदाचा फोटो मागायला बंदी घाला. कॅलिफोर्नियाचा १ जानेवारी २०२७पासून लागू होणारा कायदा फोन सुरू करतानाच वय विचारतो आणि ॲपला फक्त गट कळवतो: १३च्या खाली, १३ ते १५, १६-१७, १८ आणि वर. ओळखपत्र मागत नाही. खोटं सांगता येईल, हो. पण पालकाने फोन स्वतः सेट करून दिला तर तेवढंही बरंच काम करतं.

तोवर घरी करण्यासारखं बरंच आहे. राजारामपुरीत नवा फोन घेताना काउंटरवरच घाईत कुणीतरी जन्मवर्ष दाबून टाकतं. तसं होऊ देऊ नका. गुगलच्या खात्यावर वय १३च्या खाली गेलं तर दुरुस्तीला १४ दिवस मिळतात, नाहीतर खातं बंद, आणि फोटो, नंबर सगळं त्यातच असतं. पोराच्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल, सेटिंग्ज, फॅमिली, पॅरेंटल कंट्रोल्स इथे जाऊन वयाची पातळी लावा. पिन जन्मवर्षाचा नको, पोरं पहिला तोच टाकून बघतात. घरच्या वायफायच्या राउटरमध्ये डीएनएसच्या, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे अश्लील साइट्स गाळणारे पत्ते टाकले की बहुतेक अश्लील साइट्स उघडत नाहीत. मोबाईल डेटावर मात्र हे चालत नाही.

आणि कागद द्यावाच लागला तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. डिजिलॉकरची संमतीची पाटी आली की 'अलाउ' दाबायच्या आधी वाचा: कोणते कागद, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत. नको त्या कागदापुढची टिक काढा. टिक काढल्यावर पुढे जाऊच देत नसेल, तर ते ॲप फोनवर ठेवू नका.