गटार उपसायला कुणाची परवानगी लागते?

बेळगाव ते खानापूर चौपदरी रस्ता, गणेबैलला टोल. आणि खानापूर सोडलं की लोंढा, रामनगर, अनमोड... पावसाळा लागला की नुसती चाळण! पणजीला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग आहे, ७४८ नंबरचा, जुना ४ए. सीमाभागातली भाजी याच वाटेनं गोव्यात उतरते, पर्यटक याच वाटेनं समुद्र गाठतात. तरी दरवर्षी तेच रडगाणं.

विचारलं की उत्तर ठरलेलं, चौपदरीकरण जंगलात अडकलंय. अडकू दे की! भीमगडचं आणि मोलेचं जंगल राहिलंच पाहिजे. पण आहे त्याच दुपदरी रस्त्याचं गटार उपसायला एक झाडही तोडावं लागत नाही. मे महिन्यातलं काम आहे ते. ते होत नाही म्हणून डोंगराकडची माती गटारात साचते, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीच्या तोंडाशी फांद्या अडकतात आणि पाणी रस्त्यावरून वाहायला लागतं. भेगांतून ते आत मुरतं, डांबर खडीला सोडतं आणि वरून भरलेले ट्रक गेले की पापुद्रा उचकटून येतो. घाटाच्या वळणांवर ब्रेक आणि चाकांच्या घासण्यानं हे आणखी लवकर होतं. तिथं काँक्रीटच घालायला हवं.

आणि ती डागडुजी! खड्ड्यातलं पाणीसुद्धा न काढता मुरूम ओततात. पहिल्या सरीत त्याचा चिखल, दुसऱ्या सरीत खड्डा परत हजर, उरलेली खडी दुचाकीवाल्याच्या चाकाखाली. खड्डा बुजवायची रीत काय नवीन आहे? कडा सरळ उभ्या कापून चौकोन करायचा, आतला भुगा झाडून कोरडा करायचा, तळाला आणि कडांना इमल्शनचा, म्हणजे पातळ डांबराचा, टॅक कोट (चिकटवणारा हात) मारायचा, मगच डांबर-खडीचा माल भरून रोलर फिरवायचा. खोल खड्डा असेल तर थराथरानं. गरम माल पसरताना १४० अंशांच्या आसपास हवा, आणि तो ९० च्या खाली जायच्या आत रोलर फिरवून झालेला हवा. इथं डंपर ताडपत्रीशिवाय लांबून येतो, माल वाटेतच गार. मग तो दबणार कसा? भर पावसात गरम माल टाकूच नये, त्यासाठी गरम न करता वापरायचं तयार कोल्ड मिक्स पोत्यांत मिळतं. ते का आणत नाहीत?

भुर्दंड गाडीवाल्याला. पाण्यानं भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, रिम वाकते, टायरच्या बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश वाजायला लागतात ते वेगळंच. शेवटी रस्ता खचतो आणि अवजड वाहनांना बंदी. मग ट्रक चोर्ला घाटाकडे, तो आधीच अरुंद. तिथंही अडवलं की आंबोली नाहीतर कारवारचा वळसा. तोवर गाडीतली कोथिंबीर पिवळी.

पुढच्या १५ मेपर्यंत खानापूर ते मोले प्रत्येक मोरी मोकळी करा. जेसीबी आणि माणसं लावा, आणि हे काम टोल घेण्याआधी करा!