परदेशातून: ‘डॉ.’च्या वादात राहून गेलेलं

फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असं पत्र सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. आमच्या नाशिकच्या फिजिओथेरपीच्या बॅचच्या ग्रुपवर तो वाद अजून धुमसतोय. मान मिळायलाच हवा. ‘मालिशवाली’ हे मीही ऐकलंय. पण माझी तळमळ वेगळी आहे.

मी अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. इथे २०१६ पासून या शिक्षणाची मान्यताप्राप्त पदवी डॉक्टरेटचीच: आधी कॉलेज, मग साधारण तीन वर्षं, वर परवान्याची परीक्षा. कर्जाने पोरं वाकतात. ते आपल्याकडे मुळीच नको. घ्यायची ती एकच गोष्ट. दवाखान्यातल्या पूर्णवेळ प्रशिक्षणात, आणि ते किमान तीस आठवडे असतं, विद्यार्थ्याशेजारी जाणतं माणूस उभं असतं. सध्या माझ्याकडे अशी एक विद्यार्थिनी आहे. परवा तिने सांधा बदललेल्या आजोबांचा गुडघा वाकवला, गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला, म्हणाली, ‘ब्याऐंशी अंश.’ मी विचारलं, ‘थांबला कशाने? दुखण्याने, सुजेने, की भीतीने?’ तिने पुन्हा हात लावला. या वेळी तिची नजर आजोबांच्या चेहऱ्यावर होती.

नाशिकला माझ्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये हा प्रश्न मला एकदाही कुणी विचारला नाही. पॅड लाव, मशीन चालू कर, पुढचा पेशंट घे. संध्याकाळी रजिस्टरवर सरांची सही.

गेल्या ऑक्टोबरात घरी आले होते. द्राक्षांच्या छाटणीला पेठ तालुक्यातून आलेली एक ताई आईच्या ओळखीने भेटायला आली. दिवसभर मांडवाखाली हात वर, खांदा धरलेला. दहा दिवस शेक घेऊन झाला होता. ‘हात वर करून दाखवा’ म्हटलं तर म्हणाली, ‘असं कुणी सांगितलंच नाही.’

नव्या अभ्यासक्रमात बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, पाच वर्षांची होतेय, इंटर्नशिप वर्षभराची. चांगलंच आहे. पण ते वर्षही पॅड लावण्यातच गेलं, तर पोरांचे आणखी सहा महिने फुकट राबण्यात जातील. आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. इंटर्नच्या शेजारी रोज कोण उभं राहणार, त्याचं नाव त्यांनी प्रत्येक कॉलेजकडून लेखी घ्यावं, आणि मधेच न सांगता जाऊन पाहावं.