निवडणूक त्यांची, वायर कुणाची?

आज सकाळी सकाळी डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक मित्र आहे, राजारामपुरीत वाढलेला, आता मेलबर्नचा नागरिक. त्यानं सॉलोमन बेटांची (ऑस्ट्रेलियाच्या शेजारचा, पॅसिफिक महासागरातला छोटा देश) एक जुनी बातमी उकरून टाकली आणि खाली लिहिलं, "आमच्या टॅक्सच्या पैशातून यांच्या निवडणुका करायच्या आणि वर यांच्याच शिव्या खायच्या. लायकी नाही या देशांची." त्यावर इथल्यांचे धडाधड अंगठे. त्यातला एक तर इलेक्शन ड्युटी लागली की मेडिकल सर्टिफिकेट शोधत फिरणारा. तो लायकी काढतोय!

प्रकरण असं. सप्टेंबर २०२२. सॉलोमनचे तेव्हाचे पंतप्रधान सोगावरे यांनी २०२३ ची निवडणूक २०२४ वर ढकलायचं विधेयक आणलं. म्हणे पॅसिफिक गेम्स (तिथल्या बेटांच्या क्रीडास्पर्धा) आणि निवडणूक एकाच वर्षात झेपणार नाही. विधेयक संसदेत यायच्या तोंडावर ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्री पेनी वाँग यांनी जाहीर केलं, पैसे आम्ही देतो. सोगावरे भडकले, हा आमच्या लोकशाहीवर हल्ला आहे, परकीय ढवळाढवळ आहे. विधेयक मंजूर झालं, आणि ते झाल्या झाल्या तीच मदत घेतो म्हणून कळवलंसुद्धा.

सोगावरेंना खुर्ची सोडायची नव्हती, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. मान्य. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॉलोमननं चीनशी सुरक्षा करार केला होता आणि ऑस्ट्रेलियाची झोप उडाली होती, हे आमचा मेलबर्नकर सोयीनं विसरतो. शेजाऱ्याला एकाएकी दानधर्म का सुचला, एवढं विचारायचाही हक्क गरिबाला नाही का?

मी हे हवेत बोलत नाही. राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीत मी ग्रामपंचायतीला केंद्राध्यक्ष होते. आदल्या संध्याकाळी मशीन घेऊन शाळेत पोचलो तर खोलीत अंधार, बिल थकलं म्हणून लाईट कापलेली. शाळेला लागून दोनच घरं, एक या गटाच्या उमेदवाराच्या चुलत्याचं, दुसरं त्या गटाच्या व्याह्यांचं. चुलत्यानं लगेच वायर ओढून बल्ब लावून दिला. बल्ब पेटतोय न पेटतोय तोवर दारात दहा-बारा माणसं. "बाई, त्येंच्या घरची लाईट चालणार न्हाई." चुलता पेटला, "का? आमच्या लाईटीत काय इख हाय व्हय?" मेणबत्तीवर कागद भरायचे म्हटलं तर आमचा शिपाई म्हणाला, मॅडम, मतदार यादी पेटली तर आपण दोघंही घरी. शेवटी दोन घरांतनं दोन वायरी आणि खोलीत दोन बल्ब. उजेड इतका की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. जेवणाचे डबेही दोन्हीकडून आले, पांढऱ्या रश्श्याचा वास शाळाभर, पण ते मी परत पाठवले आणि आम्ही चिवड्यावर रात्र काढली. (शिपाई अजून मला माफ करत नाही.)

त्या चुलत्याच्या मनात काळंबेरं होतं असं मी आजही म्हणणार नाही. माणूस चांगला होता. पण त्याचा पुतण्या उभा होता, विषय संपला. समोरच्यांनी दंगा केला म्हणून त्यांची निवडणुकीची लायकी नाही, असं त्या रात्री माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आता पूर्व तिमोर बघा, ऑस्ट्रेलियाच्या शेजारचाच, तेव्हा इंडोनेशियाच्या ताब्यात असलेला. ३० ऑगस्ट १९९९ ला संयुक्त राष्ट्रांनी तिथं सार्वमत घेतलं. इंडोनेशियात स्वायत्तता हवी की नको? जवळजवळ सगळ्या मतदारांनी मतदान केलं, ७८.५ टक्के लोकांनी नको म्हणून सांगितलं. आणि सुरक्षा कुणाकडं होती? करारानुसार इंडोनेशियाच्याच पोलिसांकडं! ज्याच्याविरुद्ध मत द्यायचं त्यालाच दाराशी उभं केलं. मोठमोठ्या देशांच्या मुत्सद्द्यांना याहून जास्त जमलं नाही. निकाल लागल्यावर तिथली राजधानी 'दिली' जाळली गेली. संयुक्त राष्ट्रांसाठी काम करणारे तिथलेच काही लोक मारले गेले. म्हणजे माझ्यासारखेच, यादी आणि शिक्का सांभाळणारे. त्यांचा विचार आला की माझा राग जरा ओसरतो, काय बोलायचं कळत नाही.

नंतर ऑस्ट्रेलियाच्याच नेतृत्वाखाली सैन्य उतरलं आणि लोक वाचले, हे खरं आहे, नाकारत नाही. पण २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि २००४ मध्ये समुद्रातल्या तेल आणि वायूची बोलणी चालू असताना, मदतीच्या नावाखाली मंत्रिमंडळाच्या इमारतीची दुरुस्ती करताना ऑस्ट्रेलियानं तिथं चोरून ऐकायची यंत्रं बसवली, असा आरोप तिमोरनं केला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेलं. आता असं ऐकल्यावर शेजारच्या बेटांवरचा माणूस ऑस्ट्रेलियाची वायर आधी तपासणार की बल्ब लावून मोकळा होणार?

आणि हो, फेब्रुवारी २०२५ आठवतोय का? 'भारतातलं मतदान वाढवण्यासाठी' म्हणून २ कोटी १० लाख डॉलर ठेवलेले, ते रद्द केले, असं अमेरिकेनं जाहीर केलं. तो पैसा भारतासाठी नव्हताच, बांगलादेशासाठी होता, असंही छापून आलं. तोवर इथं सगळे एकमेकांवर तुटून पडलेले, तुम्हीच घेतलात, तुम्हीच घेतलात! तेव्हा ग्रुपवर सगळ्यात जास्त कोण पेटलं होतं? हाच मेलबर्नकर. "आमच्या निवडणुकीत नाक खुपसणारे हे कोण?" शब्द त्याचेच आहेत, वर स्क्रोल करून बघा. भारताच्या वेळी स्वाभिमान आणि सॉलोमनच्या वेळी कृतघ्नपणा? वा रे वा.

मदत घेऊच नये, असं मी म्हणतच नाही. १९५३ मध्ये सुदानची पहिली संसदीय निवडणूक घ्यायची होती. ब्रिटन आणि इजिप्त दोघंही तिथले मालक म्हणवून घेणारे. इजिप्त पैसा ओततोय म्हणून ब्रिटिश ओरडत होते, ब्रिटिश अधिकारी दबाव आणतात म्हणून इजिप्त. मग सात जणांचा आयोग नेमला, तीन सुदानी, एक ब्रिटिश, एक इजिप्शियन, एक अमेरिकन आणि अध्यक्ष आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. हेच सेन, ज्यांनी आपल्या पहिल्या निवडणुकीत 'अमक्याची बायको, तमक्याची आई' एवढंच नाव सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढली. (त्यावर मी सेन यांच्याशी भांडले असते, पण तो वेगळा विषय.) सुदानमध्ये ९७ पैकी ५१ जागा इजिप्तच्या मर्जीतल्या पक्षाला मिळाल्या. आणि त्याच पक्षाच्या सरकारनं १ जानेवारी १९५६ ला इजिप्तलाही रामराम करून देश स्वतंत्र केला! पैसे ओतणाऱ्यांचं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

सेन चालले, कारण सुदानमध्ये भारताचा पुतण्या उभा नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे. द्यायचेच असतील तर पैसे संयुक्त राष्ट्रांच्या सामायिक फंडात टाका, स्वतःचा झेंडा लावू नका आणि संसदेत मतदान असेल त्या आठवड्यात जाहीर करू नका. त्यातही मोठे देश आपलं घोडं दामटतातच, पण निदान दोन बल्ब तरी लागतात.

'तुला काय करायचंय त्या देशांशी' असं ज्यांना लिहायचंय त्यांनी खुशाल लिहा. आज रविवार आहे, मी घरीच आहे, प्रत्येकाला उत्तर देणार आहे.