रोमकरांस 13 दाखवणाऱ्या बंधूंना

सलाम बंधू,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, तिसऱ्यांदा वाटलं की हे दोन ओळींत आटोपण्यासारखं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अटलांटाजवळच्या एका चर्चमध्ये मी सात वर्षं जात होतो. तिथल्या गोऱ्या विश्वासणाऱ्यांचं ट्रम्पप्रेम आणि वर्णद्वेषाबद्दलचं मौन, यावर तो लेख होता. त्यावर टेक्सासहून तुम्ही लिहिलंत की विश्वासणाऱ्याने राष्ट्राध्यक्षावर टीका करणं शास्त्राला धरून नाही, रोमकरांस 13 वाचा (म्हणजे बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा असं सांगणारा). ओबामांच्या वेळी तुमची लेखणी कुठे होती. वर्णद्वेष हे राजकारण आहे, चर्चने सुवार्ता सांगावी. ट्रम्पसाठी कधी प्रार्थना तरी करता का. आणि ज्यांनी जेवू घातलं त्यांचीच बदनामी करता?

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तो घाव बरोबर बसला. जेवू घातलं, अगदी खरं. धाकटीच्या वेळी बायकोचं सिझेरियन झालं, आमच्या दोघांच्याही आया इकडे भारतात, व्हिसा मिळालेला नाही. चर्चच्या बायकांनी सतरा दिवस रोज संध्याकाळी डबा पोचवला. कोणत्या तारखेला कोण, याचा कागद आमच्या फ्रीजवर लावून गेल्या. त्यातल्याच एकीच्या नवऱ्याने मला हायवेवर गाडी चालवायला शिकवलं. दिलदार माणूस. एकदा पेट्रोल भरताना तो म्हणाला, "तू बरा आहेस, कष्टाळू आहेस, तू काही त्यांच्यासारखा नाहीस." ‘त्यांच्या’ म्हणजे कोणाच्या, हे त्याला सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. त्याच्या मते ते कौतुक होतं. मी हसलो. बंधू, माझ्या लेखात जो राग तुम्हाला दिसला, त्यातला बराचसा त्या हसण्याबद्दलचा आहे.

आता ‘वर्णद्वेष हे राजकारण’ याबद्दल. 17 जून 2015, बुधवारची संध्याकाळ. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात इमॅन्युएल ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) या काळ्यांच्या चर्चमध्ये बायबल अभ्यास चालला होता. मार्कचा चौथा अध्याय, पेरणाऱ्याचा दाखला. एक अनोळखी गोरा तरुण आला, त्याला पाळकांच्या शेजारी जागा मिळाली. तो जवळजवळ तासभर बसला आणि शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटल्यावर त्याने पिस्तूल काढलं. नऊ जण गेले.

त्यानंतरचा रविवार म्हणजे 21 जून, फादर्स डे. चार्ल्सटन आमच्यापासून गाडीने पाचेक तासांवर. आमच्या चर्चमध्ये सगळ्या बापांना उभं केलं, टाळ्या झाल्या, प्रत्येकाला बार्बेक्यूच्या मसाल्याची बाटली मिळाली. मग मध्यस्थीची प्रार्थना. कुणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन, ग्वाटेमालाला सेवेसाठी निघालेली तरुण मंडळी, पाऊस. मी डोळे मिटून वाट पाहत होतो. आमेन झालं. त्या नऊ जणांचं नाव नाही, गावाचं नाव नाही. नंतर कॉफीच्या टेबलापाशी मी पाळकांना विचारलं, तर ते हळू आवाजात म्हणाले, "तो विषय आता फार राजकीय झालाय."

बायबल उघडून बसलेली माणसं मेली, यात राजकीय काय होतं? आणि गंमत पाहा, त्या चर्चचे मारले गेलेले पाळक क्लेमेंटा पिंकनी स्वतः राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. काळ्यांच्या चर्चला व्यासपीठ आणि विधिमंडळ वेगळं ठेवण्याची चैन कधी परवडलीच नाही. ए.एम.ई. संप्रदाय निघाला तोच मुळी फिलाडेल्फियाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना काळ्या उपासकांना गुडघ्यांवरून उठवलं म्हणून. रिचर्ड अ‍ॅलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले, आणि 1816 मध्ये त्यांनी आपला वेगळा संप्रदाय उभा केला.

‘चर्चने फक्त सुवार्ता सांगावी’ हे वाक्यही नवीन नाही. 21 मार्च 1965 रोजी मार्टिन ल्यूथर किंग हजारो लोकांना घेऊन सेल्माहून माँटगोमेरीला निघाले, मतदानाच्या हक्कासाठी. त्याच रविवारी व्हर्जिनियातल्या लिंचबर्गमध्ये जेरी फॉलवेल या तरुण बॅप्टिस्ट पाळकांनी प्रवचन दिलं, त्याचा सारांश असा की उपदेशकांना राजकारणी व्हायला नव्हे, आत्मे जिंकायला बोलावलं आहे. ऐकायला किती सोज्वळ! पण हेच फॉलवेल 1958 मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांनी एका शाळेत बसण्याच्या विरोधात प्रवचन देऊन मोकळे झाले होते. आणि 1979 मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही सनातनी ख्रिस्ती मतदारांची संघटना काढून ते राजकारणात गळ्यापर्यंत उतरले. 1965 चं ते प्रवचन त्यांनी पुढे मागे घेतलं, हेही सांगायला हवं. 1980 च्या निवडणुकीत त्यांच्या संघटनेचा सगळा जोर रेगन यांच्या बाजूला. समोर कोण? रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे जिमी कार्टर! म्हणजे व्यासपीठावर राजकारण चालत होतंच. न चालणारा विषय ठरलेला होता.

रोमकरांस 13 मी वाचलंय. आमच्या नगरच्या बोर्डिंगात ते पाठ करून घेत, चुकलं की छडी. प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावं, मान्य. पण हाच अध्याय 1850 नंतर, पळून आलेल्या गुलामांना मालकाकडे परत पाठवा असं सांगण्यासाठी व्यासपीठांवरून वाचला गेला. जून 2018 मध्ये ट्रम्प सरकारचे अ‍ॅटर्नी जनरल (कायदा खात्याचे प्रमुख) जेफ सेशन्स यांनी याच अध्यायाचा दाखला दिला, सीमेवर आईबापांपासून मुलं तोडली जात होती तेव्हा. ज्या देशाचा जन्मच इंग्रज राजाविरुद्ध बंड करून झाला, तिथे हा अध्याय नेमका केव्हा आठवतो ते बघत जा.

त्याच शास्त्रात नाथान संदेष्टा दावीद राजासमोर उभा राहून "तो मनुष्य तूच आहेस" म्हणतो. निर्गमच्या पहिल्याच अध्यायात दोन सुइणी फारोचा हुकूम धुडकावतात आणि देव त्यांचं भलं करतो. आणि आपल्या प्रभूने हेरोदाला ‘खोकड’ म्हटलं आहे, लूक 13. तुम्ही माझ्या लेखातल्या ‘उर्मट’ या शब्दाला आक्षेप घेतलात. खोकडापेक्षा तो बराच सौम्य आहे हो.

ओबामांचं. माझी लेखणी तेव्हा नव्हतीच, हा ब्लॉग 2018 चा. पण ही पळवाट झाली. खरं उत्तर असं की त्यांच्या काळातही लाखो लोकांना देशाबाहेर काढलं गेलं आणि मी चार मित्रांतसुद्धा त्याबद्दल बोललो नाही. माणूस आवडता होता, बोलणं सुसंस्कृत होतं. तुमचा हा मुद्दा मी पदरात घेतो.

पण मग आमच्या चर्चच्या प्रार्थनापत्रकाचंही ऐका. ओबामांच्या काळात त्यात छापलेलं असे, ‘आमच्या देशाच्या नेत्यांसाठी’. नाव नाही. जानेवारी 2017 च्या शेवटच्या रविवारी तिथे नाव आलं, आणि नावाआधी ‘देवाने निवडलेले’. पुढे कोरेश राजा आला, म्हणजे बायबलमधला तो परधर्मी इराणी राजा, ज्याला देवाने आपल्या कामासाठी वापरलं. यशयाच्या 45 व्या अध्यायात परमेश्वर कोरेशाला अभिषिक्त म्हणतो आणि ट्रम्प हे 45 वे अध्यक्ष, हे गणित मला एका निवृत्त इंजिनियरने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. रोमकरांस 13 ओबामांनाही लागू होतं ना?

सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या मोठ्या प्रोटेस्टंट संप्रदायाने 1998 मध्ये, क्लिंटन यांचं प्रकरण गाजत असताना ठराव केला होता की सत्ताधाऱ्याचं चारित्र्य महत्त्वाचं आहे आणि त्याची गंभीर पापं खपवून घेतली तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते. उत्तम ठराव, आजही सही करायला तयार आहे. धर्माविषयी जनमत चाचण्या घेणाऱ्या पीआरआरआय या संस्थेने 2011 मध्ये विचारलं होतं, खाजगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक कामात नीट वागू शकतो का? गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी (बायबल आणि वैयक्तिक तारणावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांपैकी) 30 टक्के हो म्हणाले. 2016 मध्ये त्याच प्रश्नाला 72 टक्के हो म्हणाले. मधल्या पाच वर्षांत शास्त्राची काही नवी प्रत निघाली नव्हती.

एक चूक मात्र कबूल करतो. मूळ लेखात मी सरसकट ‘गोरे ख्रिस्ती’ लिहिलं. तुम्ही खडसावलंत ते योग्यच, वाक्य दुरुस्त केलंय. कारण त्याच जॉर्जियात क्लॅरेन्स जॉर्डन होऊन गेले. गोरे, सदर्न बॅप्टिस्ट, ग्रीक नव्या कराराचे जाणकार. 1942 मध्ये त्यांनी अमेरिकस गावाजवळ ‘कॉयनोनिया’ नावाची शेती काढली, काळे-गोरे एका टेबलावर जेवतील अशी. पुढे शेतावर गोळीबार झाला, रस्त्याकडेचा स्टॉल स्फोटाने उडवला, व्यापाऱ्यांनी बहिष्कार घातला. पण त्याच्याही आधी, 1950 मध्ये, गावच्या बॅप्टिस्ट चर्चने या लोकांना सभासदत्वावरून काढलं होतं. निमित्त काय? त्यांनी उपासनेला एक पाहुणा सोबत नेला. तो भारतातून आलेला शेतकीचा विद्यार्थी होता. त्याचा सावळा रंग पाहूनच मंडळी बिथरली. पेट्रोल पंपावर ‘त्यांच्यासारखा नाहीस’ ऐकून हसलेल्या माणसाने हे कुठल्या तोंडाने वाचायचं?

आणि आपलं घर? जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. दीडशे वर्षांनंतर आमच्या मावशी मुलीसाठी ख्रिस्ती स्थळ आलं की फोटोच्या आधी विचारतात, "मूळचे कोण?" त्यावर वेगळा लेख लिहायचाय, मावशी परवानगी देतील तेव्हा.

राहिला तुमचा प्रार्थनेचा प्रश्न. करतो, ट्रम्पसाठी करतो, नाव घेऊन. शिकलो आईकडून. ती रात्रीच्या प्रार्थनेत पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि आमच्या वॉर्डाचा नगरसेवक, तिघांची नावं घेते, आमेन म्हणते. आणि सकाळी नळाला पाणी आलं नाही की रिकामा हंडा घेऊन त्याच नगरसेवकाच्या दारात जाऊन उभी राहते.