यादी द्यायची, पण ‘म्हणून’चं काय करायचं?

सर, नमस्कार. वाक्यरूपांतरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की मुलांकडून वाक्यं जोडून-तोडून घेण्यात तास वाया जातात; उभयान्वयी अव्ययांची (‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘की’ अशा वाक्यं जोडणाऱ्या शब्दांची) यादी पाठ करून घेतली की केवल (एकच क्रियापद असलेलं), संयुक्त (बरोबरीची वाक्यं जोडलेलं), मिश्र (एक मुख्य आणि त्यावर टेकलेलं दुसरं गौण वाक्य असलेलं) आपोआप ओळखता येतं आणि गुणही पडतात. शेवटी ‘खेळ करून व्याकरण येत नसतं’ असा टोलाही हाणलात. टोल्याचं सोडा, यादीबद्दल बोलू.

यादीत ‘म्हणून’ कुठल्या रकान्यात टाकाल? ‘पाऊस वाढला म्हणून शाळा लवकर सुटली’ हे संयुक्त, कारण इथे परिणाम सांगितलाय. ‘पहिली एसटी मिळावी म्हणून तो पहाटेच निघाला’ हे मिश्र. इथे उद्देश आहे. ‘की’ तसाच. ‘चहा घेणार की कॉफी घेणार?’ संयुक्त, ‘बाई म्हणाल्या की उद्या सुट्टी आहे’ मिश्र. यादी घोकलेलं पोर ‘की’ दिसला रे दिसला की ‘मिश्र’ लिहून मोकळं होतं.

म्हणून मी अव्यय झाकायला लावते आणि उरलेले तुकडे मोठ्यानं वाचायला सांगते. ‘पाऊस वाढला.’ ठीक. ‘पहिली एसटी मिळावी.’ एवढं वाचलं की मागच्या बाकावरून ‘मग?’ येतंच. हा ‘मग?’ म्हणजेच गौण वाक्य. व्याख्या नंतर सांगितली तरी चालते.

खरा घोळ मात्र केवल वाक्यात होतो आणि तिथे यादीचा काडीचा उपयोग नाही. ‘आजी पहाटे उठून, अंगण झाडून, सडा घालून, चहा पिऊन माळ ओढत बसली.’ एवढं लांबलचक वाक्य केवल कसं, हे मुलांना पटत नाही. उठून, झाडून, घालून, पिऊन, ओढत ही सगळी धातुसाधितं, म्हणजे धातूपासून झालेली पण वाक्य पुरं न करणारी रूपं. क्रियापद एकच, ‘बसली’. उलट ‘तो आला नि गेला’ एवढंसं असूनही संयुक्त. आणि ‘दोन आणि दोन चार होतात’ यात ‘आणि’ असूनही वाक्य केवलच. तोडून बघा, ‘दोन चार होतात’ असं काहीतरी हाती येईल!

आपली मुलं बोलताना ‘काल आलेला पाहुणा गेला’ असंच म्हणतात. ‘जो पाहुणा काल आला होता, तो गेला’ असं घरात कोण बोलतं? त्यामुळे तोंडातलं केवल वाक्य घेऊन त्याचं मिश्र करायला लावलं, की ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ कशासाठी असतात ते हाताला कळतं. तुम्ही ज्याला वेळ घालवणं म्हणता, ते हेच.

एका ठिकाणी मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. ‘शाळा सुटली, कारण पाऊस वाढला’ हे आपल्या व्याकरणात मिश्र, ‘कारण’ गौणत्वबोधक, म्हणजे गौण वाक्य जोडणारं अव्यय. पण तुकडे वाचले तर दोन्ही खुशाल स्वतंत्र उभे राहतात, आणि घटना तर ‘म्हणून’वाल्या संयुक्त वाक्यातलीच! इथे माझी झाकाझाकी चालत नाही. ‘कारण’वालं वाक्य ‘का सुटली?’ला उत्तर देतं, म्हणून ते गौण, असं मी सांगते. चुणचुणीत मुलांचं त्यावर समाधान होत नाही, आणि मग ‘कारण, कारण की, का की’ सरळ पाठच करायला लावते. तुमच्या वर्गात हा प्रश्न निघाला तर तुम्ही काय सांगता, तेवढं खरंच कळवा.