आजार कुठल्या खात्याचा?

तुमच्या पोराच्या कानात आवाज येत असतील आणि त्या नादात त्यानं कुणाची मोटारसायकल ढकलत नेली असेल, तर घाबरू नका. सोलापुरात त्याची दोन-दोन ठिकाणी सोय आहे: निरीक्षणगृहात (गुन्ह्यातली अल्पवयीन पोरं चौकशीपुरती ठेवतात तिथं) आणि दवाखान्यात. दोन्हीकडे घेत नाहीत, तेवढं सोडा.

आधी आजारी पडायचं की आधी गुन्हा करायचा, हे घरात बसून ठरवा. आधी आजार असेल तर 'मग उपचार का केले नाहीत?' नंतर कळला तर 'सुटायला नाटक करतोय.'

झेरॉक्स सहा काढा. सातवी लागतेच.

दोन खात्यांच्या मधे उभं राहायची सवय करा. मागच्या आठवड्यात शेजारच्या अक्कांबरोबर गेलो होतो. (नाव-गल्ली लिहीत नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ची मनाई आहे, तेवढं तरी कुणीतरी पाळावं.) अक्का विड्या वळतात, दिवसाची मजुरी बुडवून आल्या होत्या. पोरगं पंधराचं. निरीक्षणगृहातले म्हणाले, रात्रभर भिंतीशी बोलतो, बाकीची पोरं झोपत नाहीत, दवाखान्यात न्या. दवाखाना म्हणाला, गुन्ह्यातला आहे, पोलीस आणा. शिवाय मुलांचा वेगळा वॉर्ड नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अल्पवयीनांना मोठ्यांपासून वेगळं ठेवा असं आहे, हे खरंच. पोराच्या भल्याचं कलम पोराला दारातून परत पाठवायला कामी आलं! मग येरवड्याला न्या म्हणे. अख्ख्या राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. जवळचं म्हणजे पहाटे उठून पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची. पण आदेश बाल न्याय मंडळाचा, म्हणजे गुन्ह्यातल्या पोरांच्या कोर्टाचा, लागतो. म्हणून अर्ज लिहिला, 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 93 घातलं: आजारी मुलाला मंडळ मनोरुग्णालयात पाठवू शकतं. टेबलामागच्या साहेबांनी कलम वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "यात 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं नाव आहे. तो कायदा आता राहिला नाही."

साहेब, ते नाव आम्ही नाही घातलं, संसदेनं घातलंय! जुना कायदा गेला, 2017 चा नवा आला, नवा लागू होतो. एवढ्यावर पंधरा वर्षांचं पोर अडवून ठेवायचं? 'वर विचारतो' म्हणून अर्ज ठेवून घेतला. वरचं म्हणजे आमच्या नळाचं पाणी. आलं त्या दिवशी खरं.

गुन्हा मात्र मोठा निवडा. सोळा पूर्ण झालेल्या पोरानं किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा केला, की त्याची मानसिक क्षमता तपासायला मंडळ मानसशास्त्रज्ञांची मदत घेऊ शकतं. मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवायला! गोळी द्यायला कुणी नाही.

आता सल्ले पुरे. लाज वाटू द्या. चौकशी चार महिन्यांत संपवा म्हणतं बाल न्याय कायद्याचं कलम 14, आणि त्या चार महिन्यांत पोराला एक डॉक्टर दिसत नाही? सात रस्ता चौकातून निरीक्षणगृहात आठवड्यातून एकदा एक मानसोपचारतज्ज्ञ रिक्षानं गेला, तर कुठल्या खात्याची तिजोरी रिकामी होते? रिक्षाचे पैसे आम्ही देतो. निरीक्षणगृह महिला व बालविकासचं, दवाखाना दुसऱ्यांचा, आणि पोरगं फक्त अक्कांचं?

सोमवारी परत येतोय. अर्ज वर गेला असेल तर खाली आणून ठेवा. आणि अक्कांनी बांधून आणलेली भाकरी-चटणी या वेळी आत घेऊ द्या.