स्टार विकण्याच्या सल्ल्यातला हिशेब

संघ लागोपाठ हरू लागला की एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) चाहत्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो. तो साधारण असा असतो: स्टार असूनही आपण हरतो आहोत, म्हणजे तो पुरेसा नाही, एका खेळाडूच्या बदल्यात चार-पाच चांगले खेळाडू मिळतील, त्याचा भाव आज सर्वाधिक आहे, उद्या तो उतरेल, मिळालेल्या ड्राफ्ट पिक्समधून (नवे खेळाडू निवडण्याच्या हक्कांमधून) दोन-तीन वर्षांत नवा स्टार घडवता येईल, आणि हे आजच केले नाही, तर करार संपताच तो फुकट निघून जाईल. हा सल्ला देणाऱ्यांचे संघावर मनापासून प्रेम असते, याबद्दल मला शंका नाही. पण त्यातले एकेक विधान तपासून पाहिले, तर शेवटचे वगळता एकही टिकत नाही, आणि शेवटचेही अर्धेच टिकते.

आधी ‘स्टार असूनही हरतो’ हे विधान घेऊ. सामना ४८ मिनिटांचा असतो आणि स्टार त्यातली पस्तीस-छत्तीस मिनिटे खेळतो. संघ त्याच्यामुळे हरतो की त्याच्याभोवतीच्या उणिवांमुळे, हे ठरवायचे असेल, तर तो बाकावर बसल्यानंतरची बारा-तेरा मिनिटे नीट पाहावी लागतात. तो चेंडू घेऊन तीन गुणांच्या रेषेपाशी उभा असतो, तेव्हा दोन बचावपटू त्याच्या अंगावर येतात, तिसरा आत सरकतो आणि कोपऱ्यातला नेमबाज मोकळा सुटतो. स्टार बाहेर गेला की त्याच नेमबाजाच्या डोळ्यांसमोर प्रतिस्पर्ध्याचा हात असतो, चोवीस सेकंदांचे घड्याळ संपत आलेले असते आणि अखेर कोणीतरी नाइलाजाने अवघड फटका मारतो. कोपऱ्यातून चुकलेला मोकळा फटका हा स्टारचा दोष नसतो, तरी पराभवाचा आकडा मात्र त्याच्या नावावर लिहिला जातो.

गोल्डन स्टेट या संघाचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. २०१९-२० च्या हंगामात त्यांचा स्टार स्टीफन करी याचा हात मोडला, तो फक्त पाच सामने खेळला, क्ले थॉम्पसन गुडघ्याच्या दुखापतीमुळे वर्षभर बाहेर होता, आणि संघाने १५ विजय व ५० पराभवांसह लीगमध्ये तळ गाठला. पुढच्या वर्षीही हा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांमध्ये, पोहोचला नाही. तिशी ओलांडलेल्या करीचा भाव आहे तोवर त्याला विकून टाकावे, असे म्हणायला तेव्हा कारणे कमी नव्हती. संघाने त्याला ठेवले आणि २०२२ मध्ये विजेतेपद मिळवले. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू चौतीस वर्षांचा करीच होता. तळ गाठल्याबद्दल २०२० च्या ड्राफ्टमध्ये मिळालेले दुसऱ्या क्रमांकाचे पिक जेम्स वाइझमनवर खर्च झाले होते, आणि विजेतेपदाच्या त्या हंगामात तो दुखापतीमुळे एकही सामना खेळू शकला नाही. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण हरण्याचे ‘बक्षीस’ आणि जपलेला स्टार या दोन्ही गोष्टी तिथे एकाच संघाकडे होत्या आणि कामाला आला तो स्टार.

आता ‘एकाच्या बदल्यात चार’. हा व्यवहार कागदावर नफ्याचा दिसतो, पण कोर्टवर एका वेळी पाचच जण उतरतात. चार मध्यम खेळाडूंना जागा द्यायची, तर स्टारच्या एका जागेखेरीज आपल्याकडचे आणखी तीन खेळाडू बाकावर बसवावे लागतात, त्यामुळे मिळालेल्या गुणवत्तेचा मोठा भाग वापरलाच जात नाही. शिवाय सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारांवरील मर्यादेच्या) वर असलेल्या संघांना देवाणघेवाणीत पगारांचा मेळ घालावा लागतो. म्हणून स्टारच्या मोठ्या पगारासमोर येणाऱ्या खेळाडूंमध्ये एखादा तरी असा असतो, ज्याचा करार समोरच्या संघाला डोईजड झालेला असतो.

फिलाडेल्फियाने १९९२ मध्ये नेमके हेच केले. त्या हंगामात संघाचे ३५ विजय व ४७ पराभव झाले होते, आणि चार्ल्स बार्कलीला फिनिक्सला देऊन त्यांनी जेफ हॉर्नासेक, टिम पेरी व अँड्र्यू लँग असे तीन खेळाडू घेतले. हॉर्नासेक त्याच वर्षी ऑल-स्टार सामना खेळलेला, म्हणजे व्यवहार अगदीच वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. तरी पुढच्या हंगामात फिलाडेल्फियाचे विजय २६ वर आले, तर फिनिक्सने ६२ सामने जिंकले, अंतिम फेरी गाठली आणि बार्कली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फिलाडेल्फियाला पुन्हा प्लेऑफ दिसले ते १९९९ मध्ये.

‘भाव आज सर्वाधिक आहे’ या विधानात बाजाराचा साधा नियम विसरला जातो. संघ हरतो आहे, चाहते चिडले आहेत आणि व्यवस्थापन घाईत आहे, हे सगळ्यांना दिसत असताना समोरचा पूर्ण किंमत का देईल? आणि घाई नसतानाही फसगत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने पंचवीस वर्षांच्या लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवले, आणि त्यांच्या हाती आले अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी व ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे अवघे एक पिक. आठच महिन्यांपूर्वी हा संघ अंतिम फेरीत खेळला होता. नंतर पिक्सचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला पहिले पिक लागले आणि कूपर फ्लॅग मिळाला, हे खरे. पण त्या योगायोगाचे श्रेय व्यवहाराला देता येत नाही. तो करणारे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पद सोडावे लागले.

ड्राफ्टबद्दलची आशा मला सर्वांत फसवी वाटते, म्हणून तिच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. २०१९ पासून लागू झालेल्या लॉटरीच्या पद्धतीत तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची शक्यता सारखीच, म्हणजे १४ टक्के ठेवली गेली. सर्वांत जास्त हरलेला संघ थेट पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो, आणि तसे होण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. २०२३ मध्ये डेट्रॉइट तळाला होता, त्याला पाचवे पिक मिळाले. २०२४ मध्ये अवघे १४ सामने जिंकून तोच संघ पुन्हा तळाला गेला, आणि पुन्हा पाचवे पिक. २०२५ मध्ये यूटाचे १७ विजय व ६५ पराभव झाले, त्यांनाही पाचवेच. ठरवून हरलेल्या वर्षाचा मोबदला एवढा बेभरवशाचा असतो. यूटाने तर २०२२ मध्ये रूडी गोबेअर आणि डोनोव्हन मिचेल या दोघांना देऊन पहिल्या फेरीच्या पिक्सचा ढीग जमवला होता. त्यानंतरच्या तीन हंगामांत त्यांना एकदाही प्लेऑफ गाठता आले नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. तुमचा स्टार ज्या संघाकडे जातो तो संघ सुधारतो, आणि म्हणूनच त्याने दिलेली पिक्स घसरतात. मिनेसोटाने २००७ मध्ये केव्हिन गार्नेटला बॉस्टनकडे दिले, तेव्हा पाच खेळाडूंबरोबर पहिल्या फेरीची दोन पिक्स मिळाली. बॉस्टनने पुढच्याच वर्षी ६६ सामने जिंकून विजेतेपद घेतले, आणि त्यांचे २००९ चे पिक मिनेसोटाच्या हाती आले तेव्हा ते २८ वे होते. मिनेसोटा ३२ विजयांवरून २२ वर घसरला आणि २०१८ पर्यंत प्लेऑफमध्ये दिसला नाही. याउलट बॉस्टनने २०१३ मध्ये ब्रुकलिनकडून घेतलेली पिक्स सोन्यासारखी ठरली, कारण बॉस्टनने बदल्यात दिलेले गार्नेट आणि पॉल पिअर्स तेव्हा अनुक्रमे ३७ व ३५ वर्षांचे होते आणि ब्रुकलिन लवकरच कोसळला. उतरणीला लागलेला स्टार विकण्याला माझा आक्षेप नाही. ऐन भरातला स्टार विकण्याला आहे.

ओक्लाहोमा सिटीचे नाव या वादात प्रत्येक वेळी येते, आणि ते यायलाच हवे. २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात त्यांना शाय गिल्जस-अलेक्झांडर, पहिल्या फेरीची पाच पिक्स आणि इतर बरेच काही मिळाले, आणि २०२५ मध्ये ते विजेते झाले. मात्र तो संघ रडतखडत चाललेला नव्हता, त्याने ४९ सामने जिंकले होते. ट्रेडची, म्हणजे दुसऱ्या संघाकडे पाठवण्याची, मागणी जॉर्जनेच केली होती. आणि त्याला घेणाऱ्या क्लिपर्सना कवाय लेनर्डला आणण्यासाठी जॉर्ज हवाच होता, त्यामुळे ते वाटेल ती किंमत द्यायला तयार झाले. असा अडलेला खरेदीदार क्वचितच भेटतो. एवढे जुळून येऊनही फळ मिळायला सहा वर्षे लागली आणि मधल्या दोन हंगामांत संघाला पंचवीस विजयही मिळवता आले नाहीत.

राहिला तो ‘फुकट जाईल’ हा धाक. १९९६ मध्ये शकील ओनील ऑरलँडो सोडून गेला, २०१६ मध्ये केव्हिन ड्युरँट ओक्लाहोमा सिटी सोडून गेला, आणि दोन्ही संघांना बदल्यात काहीच मिळाले नाही. म्हणून करार संपायला एक वर्ष उरले असेल आणि खेळाडू नव्या करारावर सही करायला स्पष्ट नकार देत असेल, तर त्याला विकावे, हे मी मान्य करतो. पण तीन-चार वर्षांचा करार बाकी असताना हीच भीती पुढे करणे चुकीचे आहे, कारण दरम्यानच्या काळात संघ बदलू शकतो आणि स्वतःच्या खेळाडूला जास्त वर्षांचा व जास्त वाढीचा करार देण्याची सवलत त्याच संघाला असते.

खेळाडूने तोंडाने मागणी केली, तरी ती अखेरची असतेच असे नाही. लेकर्स २००७ मध्ये ४२ विजय व ४० पराभवांवर अडकले होते, प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत फिनिक्सकडून हरले होते, आणि मे महिन्यात कोबी ब्रायंटने उघडपणे ट्रेड मागितला होता. लेकर्सनी त्याला दिले नाही. आठ महिन्यांनी पाव गसोल संघात आला, आणि तिथून सलग तीन वर्षे अंतिम फेरी व त्यातल्या दोन वर्षी विजेतेपद, दोन्ही ब्रायंटच्याच नेतृत्वाखाली.